'बेदाणा'चं अनेकवचन काय? चूक मुलीची की प्रश्नाची?



चौथीची घटक चाचणी तपासत होते. 'वचन बदला' हा आपला नेहमीचा प्रश्न, पाच गुणांचा. नदी–नद्या, घोडा–घोडे, फूल–फुले असं करत करत एका मुलीच्या पेपरवर थांबले. प्रश्नात मी मुद्दाम आपल्या भागातला शब्द घातला होता, 'बेदाणा'. तिने समोर लिहिलं होतं, 'बेदाणा'. मी फुली मारली, शेजारी लाल पेनाने 'बेदाणे' लिहिलं आणि पुढे गेले.

पेपर वाटल्यावर ती टेबलापाशी आली. म्हणाली, "बाई, शेडवर एवढा ढीग पडला तरी बेदाणाच म्हणत्यात की."

मी म्हटलं, "पुस्तकात बेदाणे असतं." ती गप्प बसली. नंतरचे दोन-तीन दिवस व्याकरणाच्या तासाला तिचा हात वर आला नाही. एरवी सगळ्यात आधी तिचाच हात वर असतो.

घरी गेल्यावर माझ्या लक्षात आलं की पोरगी बरोबर बोलत होती. कवठे महांकाळात ज्याचं घर द्राक्षबागेवर किंवा शेडवर चालतं, तो माणूस "यंदा बेदाणा चांगला वाळला", "दहा टन बेदाणा निघाला", "बेदाणा सौद्याला नेला" असंच बोलतो. "दहा टन बेदाणे निघाले" असं कुणी म्हणालं तर तो पाहुणा आहे हे लगेच कळेल. तिची आई हंगामात बेदाणा निवडायला जाते. त्या घरात हा शब्द माझ्यापेक्षा दहापट जास्त वापरला जात असणार.

दुसऱ्या दिवशी मी तिला वेगळं विचारलं. "तुझ्या हातावर मोजून चार ठेवले, तर काय म्हणशील?" क्षणभरही न थांबता ती म्हणाली, "चार बेदाणं."

म्हणजे तिला अनेकवचन येत होतं. ढिगाचा बेदाणा आणि मोजायचे बेदाणे यांतला फरकसुद्धा येत होता. तो माझ्या प्रश्नाला येत नव्हता. मी कसलाही संदर्भ न देता एक सुटा शब्द समोर टाकला होता आणि एकच उत्तर धरून बसले होते.

हा फरक फक्त बेदाण्याचा नाही. आपण हरभरा पेरतो, हरभरा काढतो, पण मूठभर हरभरे खातो. वावरातला कांदा काढतो आणि भाजीला दोन कांदे घेतो. चौथीच्या मुलाला हे कुणी शिकवलेलं नसतं. वावरात, बाजारात, चुलीपाशी ऐकून ऐकून ते आलेलं असतं. आणि आपण त्याला 'वचन बदला'ची यादी पाठ करायला देतो.

या लेखात मला एवढंच म्हणायचं आहे. अनेकवचन ही जोड्यांची यादी नाही आणि ती तशी शिकवू नये. मूल शाळेत येतं तेव्हा अनेकवचनाचे बहुतेक नियम त्याच्या कानात बसलेले असतात. ते नियम वर काढून दाखवणं आणि त्यांना पुस्तकी रूपाची जोड देणं हे आपलं काम. ते न करता आपण घरच्या रूपावर फुली मारतो, तेव्हा मुलाला नियम शिकवत नाही. त्याचा कानावरचा विश्वास तेवढा घालवतो.

आधी लिंग, मग वचन

आपल्याकडे वचनाचा धडा बहुतेक वेळा असा असतो: डावीकडे एकवचन, उजवीकडे अनेकवचन, मधे रेघ. वीस जोड्या पाठ. एकविसावा शब्द आला की मूल अडतं, कारण त्याच्याकडे जोड्या आहेत, पण त्या जोड्या कशा तयार होतात ते त्याला कुणी दाखवलेलं नाही.

मराठीत अनेकवचन दोन गोष्टींवर ठरतं: नाम तो, ती की ते, आणि त्याचा शेवट कशाने होतो.

'तो'च्या घरात काम सोपं आहे. शेवटी 'आ' असेल तर 'ए' होतो: घोडा–घोडे, आंबा–आंबे, दाणा–दाणे. बाकी काहीच बदलत नाही. बैल–बैल, दगड–दगड, लाडू–लाडू, हत्ती–हत्ती. आणि 'आ' असूनही मामा, काका, दादा, आजोबा बदलत नाहीत. 'दोन मामे आले' असं आपल्या वर्गातलं एकही मूल म्हणत नाही. हा अपवाद पाठ करून घेतलाय का कुणी? नाही. ते कानात आहे.

'ते'च्या घरात घर–घरे, पान–पाने, पाखरू–पाखरे, लेकरू–लेकरे, आणि मडके–मडकी, खेळणे–खेळणी.

'ती'च्या घरात खरी गंमत आहे. ईकारान्त शब्द सरळ जातात: नदी–नद्या, काठी–काठ्या. शाळा, भाषा तशाच राहतात. सासू–सासवा, जाऊ–जावा, पण वस्तू–वस्तू आणि बाजू–बाजू. आणि ज्यांच्या शेवटी नुसता 'अ' आहे, ते शब्द दोन वाटांनी जातात. भिंत–भिंती, चूल–चुली, विहीर–विहिरी, म्हैस–म्हशी ही एक वाट. वीट–विटा, चिंच–चिंचा, जीभ–जिभा, सून–सुना ही दुसरी. कुठला शब्द कुठल्या वाटेने जाईल, याचा मुलाला सांगता येईल असा सोपा नियम नाही. ते वापरातून येतं. इथे मी कबूल करते की सराव लागतोच. पण सराव म्हणजे वापर. पाठांतर नव्हे.

यातही एक मजा बघा. गेल्या काही पिढ्यांत बाहेरून आलेले शब्द घ्या. सायकल–सायकली, पेन्सिल–पेन्सिली, फाईल–फायली, मोटर–मोटरी. हे सगळे 'ई'च्या वाटेने गेले. सायकल आली तेव्हा तिचं अनेकवचन ठरवायला कुणी समिती बसली नव्हती. बोलणाऱ्यांनी ठरवलं. ट्रॅक्टर आणि टँकर 'तो'च्या घरात गेले, म्हणून बदललेच नाहीत. दुष्काळात गावात तीन टँकर आले; 'तीन टँकरे' आले नाहीत. न शाळेत गेलेल्या आजीलाही हे अचूक येतं.

मुलांच्या चुका जरा उलट्या करून बघा

मी मुलांच्या वचनाच्या चुका वहीत लिहून ठेवायला लागले, तेव्हा त्यातल्या बऱ्याच चुका चुकाच नाहीत असं दिसायला लागलं.

एकाने 'केळे'चं एकवचन 'केळ' लिहिलं. मी आधी हसले. मग बघितलं, तर त्याचं गणित बरोबर होतं. घरे–घर, पाने–पान, तसं केळे–केळ. त्याला 'केळे' हे अनेकवचनच वाटलं. त्याच्या घरी एकाला 'केळं' म्हणतात आणि डझनाला 'केळी'. पुस्तकातलं 'केळे' त्याने त्याआधी कधी ऐकलेलंच नव्हतं.

इथे आपल्या बोलीचा आणि लिहिण्याचा एक तिढा आहे, तो शिक्षकाने नीट समजून घ्यायला हवा. बोलताना आपण 'घरं', 'पानं' म्हणतो, लिहिताना 'घरे', 'पाने'. बोलताना 'मडकं', 'केळं' म्हणतो, लिहिताना 'मडके', 'केळे'. म्हणजे शेवटचा तोच आवाज 'घरं'मध्ये अनेक दाखवतो आणि 'मडकं'मध्ये एक. लेखी 'ए'चंही तसंच. मोठ्यांना हे जाणवत नाही, कारण आपल्याला सवय झाली आहे. मुलाला मात्र हे पहिल्यांदाच भेटतं.

त्यात आपल्या सांगलीकडच्या बोलीची आणखी भर. आपल्याकडे पुल्लिंगी 'ए'सुद्धा बोलताना 'अं' होतो. आंबा–आंबं, घोडा–घोडं. माझ्या विद्यार्थिनीचं 'चार बेदाणं' ते हेच. क्रियापदातही तसंच: 'बैल आले'चं 'बैल आलं', आणि मोठ्या माणसाला मान देताना 'तात्या आलं', 'आबा गेलं'. मूल वहीत 'दोन बैल आलं' लिहितं. आपण लाल गोल करतो आणि म्हणतो, याला वचन कळत नाही. त्याला कळतं! त्याच्या गावात दोन बैल 'आलं'च असतात. त्याला शिकवायचं आहे ते वेगळंच: बोलीतलं हे 'अं' लिहिताना कुठे 'ए' होतं आणि कुठे होत नाही.

'बैल'चं उदाहरण आणखी एका कारणाने महत्त्वाचं आहे. 'वचन बदला: बैल' असा प्रश्न आला की मूल गोंधळतं. काहीतरी बदलायलाच हवं असं त्याला वाटतं, म्हणून ते 'बैले' लिहितं. आता वाक्य द्या: 'बैल पाणी पितो.' मूल लगेच सांगेल, 'बैल पाणी पितात.' म्हणजे इथे अनेकवचन नामावर दिसतच नाही. ते क्रियापदावर बसलेलं आहे. 'काळा बैल–काळे बैल' म्हटलं तर ते विशेषणावर बसतं. वचन हे वाक्यात राहतं, सुट्या शब्दात ते पुष्कळदा दिसत नाही. म्हणून सुट्या शब्दांची परीक्षा हीच मुळात अर्धवट परीक्षा आहे.

आणि 'बाई आल्या' म्हणजे किती बाई आल्या? एकच. आदरार्थी बहुवचन मुलं पहिलीच्या पहिल्या आठवड्यात वापरतात. व्याकरणात तो धडा फार पुढे येतो.

ज्याच्या घरी कानडी आहे, त्याचं काय?

आपला तालुका सीमेवरचा. पलीकडे अथणी, शेजारी जत. आपल्या वर्गांत घरी कानडी बोलणारी मुलं असतात. त्यांच्या चुका वेगळ्या असतात आणि त्यांनाच सगळ्यात जास्त लाल शाई लागते.

कानडीत घराला 'मने', घरांना 'मनेगळु'. झाड 'मर', झाडं 'मरगळु'. वस्तू असो, जनावर असो, 'गळु' लावलं की काम झालं. माणसांना मात्र वेगळा प्रत्यय: 'हुडुग' म्हणजे मुलगा, 'हुडुगरु' म्हणजे मुलगे. भिंत ती, दगड तो, घर ते ही आपली वाटणी कानडीत नाही. निर्जीव वस्तू सगळ्या एकाच घरात. शिवाय वस्तू मोजताना आधी संख्या असेल तर कानडीत प्रत्यय गाळलेला चालतो. 'एरडु मर' म्हणजे शब्दशः 'दोन झाड'.

आता हे मूल मराठीत 'दोन झाड' लिहितं, 'भिंत पडला' म्हणतं. त्याला मराठी येत नाही असा शेरा मारायला एक सेकंद लागतो. पण ते बिचारं एका नियमबद्ध भाषेतून दुसऱ्या नियमबद्ध भाषेत येतंय. त्याच्याकडे नियम आहेत, फक्त आपले नाहीत. त्याला वीस जोड्या पाठ करायला देऊन उपयोग नाही. त्याला आधी तो–ती–तेची वाटणी कानावर पडायला हवी, आणि ती नामासोबत दरवेळी पडायला हवी.

माणसं वेगळी आणि बाकी सगळं वेगळं, ही कानडीची वाटणी कळल्यावर मला प्रश्न पडला की जगातल्या इतर भाषा अनेकवचन करताना वाटणी कशी करत असतील. त्या नादात ओजिब्वे भाषेबद्दल वाचलं. अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवर मोठी सरोवरं आहेत, त्यांच्या आसपास राहणाऱ्या आदिवासींची ही भाषा.

ओजिब्वेत पुल्लिंग–स्त्रीलिंग नाही. तिथे नामांची दोन घरं आहेत: सजीव आणि निर्जीव. सजीव नामाच्या अनेकवचनाच्या शेवटी 'ग' येतो, निर्जीवाच्या शेवटी 'न'. 'इक्वे' म्हणजे बाई, 'इक्वेवग' म्हणजे बायका. 'मकिझिन' म्हणजे पायातलं पादत्राण, 'मकिझिनन' म्हणजे अनेक पादत्राणं. इथपर्यंत सरळ आहे. पण 'असिन' म्हणजे दगड, आणि त्याचं अनेकवचन 'असिनीग'. दगड सजीवांच्या घरात! रासबेरी हे फळ सजीव: 'मिस्कोमिन–मिस्कोमिनग'. स्ट्रॉबेरी निर्जीव: 'ओदेइमिन–ओदेइमिनन'. आणि 'मितिग' हा एकच शब्द झाडालाही आणि काठीलाही. 'मितिगूग' म्हटलं तर झाडं, 'मितिगून' म्हटलं तर काठ्या. नुसतं अनेकवचन ऐकून कळतं की उभं झाड की तोडलेलं लाकूड.

वर्गात हे सांगितलं तेव्हा मुलं हसली. "दगड जिवंत कसा, बाई?" मी विचारलं, "मग भिंत बाई कशी आणि दगड बुवा कसा?" वर्ग शांत झाला. मग एक जण म्हणाला, "आपल्यात तसंच म्हणत्यात म्हणून." अगदी बरोबर. त्यांच्यातही तसंच म्हणतात म्हणून. नामाचं घर तर्काने ठरत नाही, बोलणाऱ्यांच्या वापराने ठरतं. आणि अनेकवचन त्या घराप्रमाणे होतं. लिंगाशिवाय वचन शिकवता येत नाही, हे मला पाठ्यपुस्तकापेक्षा या परक्या भाषेने जास्त स्पष्ट दाखवलं.

त्या भाषेची दुसरी गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. कॅनडात आणि अमेरिकेत आदिवासी मुलांना पिढ्यान् पिढ्या घरापासून तोडून निवासी शाळांत ठेवलं गेलं. तिथे घरची भाषा बोलली म्हणून शिक्षा होत. कॅनडाच्या पंतप्रधानांनी २००८ साली संसदेत याबद्दल जाहीर माफी मागितली. आता नातवंडं आजी-आजोबांची भाषा पुन्हा शिकू पाहतात. मिनेसोटा विद्यापीठाने ओजिब्वेचा शब्दकोश इंटरनेटवर ठेवला आहे, त्यात वडीलधाऱ्यांच्या आवाजात शब्द ऐकू येतात आणि नामासोबत त्याचं अनेकवचनही दिलेलं असतं. जे घरात फुकट मिळायचं, ते आता कोशातून शिकावं लागतं.

आपली परिस्थिती तशी नाही, आणि लाल फुलीची त्या शिक्षेशी बरोबरी मी करत नाही. आपल्या मुलांची भाषा घरात जिवंत आहे. पण 'तुमच्या घरात बोलतात ते चूक' हा निरोप शाळेतून घरी जातो, तेव्हा तो किती दूर जाऊ शकतो हे आपल्याला माहीत असायला हवं.

मग प्रमाण मराठी शिकवायचीच नाही का?

हा प्रश्न सहकारी विचारतात, पालक तर हमखास विचारतात. "बाई, शिष्यवृत्तीच्या पेपरात 'बेदाणं' लिहिलं तर गुण देतील का?" नाही देणार. म्हणून 'बेदाणे' शिकवायलाच हवं. शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या मुलाला प्रमाण रूप न शिकवणं हा त्याच्यावर अन्यायच. त्याबद्दल माझं दुमत नाही.

माझं म्हणणं शिकवण्याच्या क्रमाबद्दल आहे. 'बेदाणं चूक, बेदाणे बरोबर' असं सांगण्याऐवजी 'बोलताना बेदाणं, लिहिताना बेदाणे' असं सांगायला वेळ तेवढाच लागतो. पहिल्या वाक्यात मुलाला एक शब्द मिळतो. दुसऱ्यात नियम मिळतो, कारण मग आंबं–आंबे, घोडं–घोडे त्याचं ते लावून बघतं.

लेखनाचे काही नियम मात्र कानावर सोडता येत नाहीत, ते उघड सांगावेच लागतात. वीट–विटा, फूल–फुले, विहीर–विहिरी यांत पहिल्या रूपातला दीर्घ स्वर दुसऱ्यात ऱ्हस्व होतो. मूल 'वीटा', 'फूले' लिहितं ही खरी लेखनाची चूक. पण गीत–गीते, शरीर–शरीरे या संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांत दीर्घ दीर्घच राहतो. मुलगा–मुलगे आणि मूल–मुले ही गल्लतही सांगून सोडवावी लागते. 'मुलगा'चं अनेकवचन 'मुले' असं मोठी माणसंसुद्धा बिनदिक्कत लिहितात. शिकवायला पुष्कळ आहे. जे मुलाला येतं तेच पुन्हा पाठ करून घेण्यात आपला वेळ जातो, म्हणून जे येत नाही ते राहून जातं.

मी काय करते

फार मोठं काही नाही. चार बदल केले.

एक, फळ्यावर नाम एकटं लिहायचं नाही. 'भिंत' नाही, 'ती भिंत, त्या भिंती'. 'ते पान, ती पाने'. कानडी घरातल्या मुलांना याचा सगळ्यात जास्त फायदा होतो, कारण त्यांना लिंग आणि वचन एकत्र मिळतं.

दोन, घरचं आणि पुस्तकातलं असे दोन रकाने. मुलं घरून शब्द आणतात: करडू–करडं, कोकरू–कोकरं, चिच–चिचा. शेजारी पुस्तकी रूप लिहितात: करडे, कोकरे, चिंचा. मेंढरं राखणाऱ्या घरातली मुलं इतके शब्द आणतात की मला अर्ध्यांचा अर्थ विचारावा लागतो. त्या दिवशी शिक्षक ती असतात.

तीन, खोट्या शब्दांचा खेळ. ही कल्पना माझी नाही. १९५८ मध्ये जीन बर्को या संशोधक बाईंनी लहान इंग्रजीभाषक मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं, त्याला 'वग' हे बनावट नाव दिलं, मग दोन प्राण्यांचं चित्र दाखवून विचारलं, आता हे काय? मुलांनी तो शब्द आयुष्यात ऐकलेला नसताना अनेकवचन केलं. म्हणजे ती ऐकलेलं नुसतं परत म्हणत नव्हती, नियम वापरत होती. मी फळ्यावर एक वेडावाकडा प्राणी काढते. "हा गडपा. आता दोन काढले, हे कोण?" "गडपे!" कुणी म्हणतं "गडपं!" दोन्ही बरोबर, एक लिहायचं, एक बोलायचं. "ही लिमटी." "लिमट्या!" "हा झुमूर." "झुमूरच, बाई!" जी मुलं यादीत नापास होतात, ती इथे पटापट सांगतात. मग मी विचारते, "तुम्हाला कसं कळलं?" तिथून व्याकरणाचा तास सुरू होतो. नियम मुलंच सांगतात, मी फक्त फळ्यावर लिहिते.

चार, फुली मारण्याआधी विचारायचं, "हे कुठून आलं?" दरवेळी वेळ नसतो. पस्तीस वह्या, त्यात ऑनलाइन माहिती भरायची, पोषण आहाराची नोंद. मला माहीत आहे. पण आठवड्यातून दोन चुका जरी अशा विचारल्या, तरी पुढच्या महिन्याचा धडा बदलतो.

पालकांना एकच विनंती. घरी मुलाचं बोलणं पुस्तकासारखं करायला जाऊ नका. शेण-पाणी करताना, बाजारात, बागेत काम करताना मोजा, नावं घ्या, तुमच्याच शब्दांत. लेखी रूप आम्ही बघून घेतो. तुमच्याकडचे शब्द आम्हाला कुठल्या पुस्तकात मिळणार नाहीत.

त्या मुलीचा पेपर मी परत मागून घेतला आणि तिच्यासमोर गुण दुरुस्त केला. अर्धा गुण दिला नाही, पूर्ण दिला. तिने बघितलं, पेपर घडी करून दप्तरात ठेवला आणि जागेवर गेली. फार काही बोलली नाही. पण पुढच्या तासाला 'कोयता' विचारला तेव्हा हात वर आला.

पुढच्या चाचणीचा प्रश्न मी बदलला आहे. 'वचन बदला' नाही. 'योग्य रूप लिहा: (१) शेडवर ______ वाळत घातला आहे. (२) ताटलीत चार ______ आहेत.' शब्द दोन्हीकडे एकच. तुमच्या गावात बेदाणा नसेल तर हळद घ्या, ऊस घ्या, हरभरा घ्या. वर्गात करून बघा आणि मुलं काय लिहितात ते तपासण्याआधी एकदा नुसतं वाचा.